बोडीची झाली बॉडी!



महाराष्ट्राचा नकाशा पुढे घ्या आणि बोट पूर्वेकडे सरकवत न्या. नागपूर मागे पडलं, भंडारा मागे पडला, की वैनगंगा नदीची निळी रेघ दिसेल. तिच्या काठावर एक गाव आहे आणि त्याला नावं आहेत दोन! रेल्वेस्टेशनच्या पाटीवर ‘वडसा’ आणि सरकारी कागदावर ‘देसाईगंज’. बाहेरगावचा पाहुणा हमखास गोंधळतो. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे स्टेशन वर्षानुवर्षं आमच्या गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वेस्टेशन होतं. या वडशापासून दहा-बारा किलोमीटरवर, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं, तिथल्या एका शाळेत मी शिकवते. मुलं मला ‘मॅडम’ म्हणतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘जी’ लावतात. “हो जी, मॅडम.” “नाई जी, मॅडम.” आमच्या झाडीपट्टीचा हा रिवाजच आहे.

आमच्या शाळेत टीव्ही आहे, प्रोजेक्टर आहे, एक टॅब आहे. वीज असते तेव्हा हे सगळं असतं! वीज गेली की खडू आणि फळा. शिवाय माझा स्वतःचा मोबाईल आहे. तो इतक्या हातांतून फिरतो, की संध्याकाळी घरी नेल्यावर आधी त्याच्यावरची पेरूची साल पुसावी लागते. या यंत्रांच्या संगतीत वर्गात काय काय घडतं, ते आज तुम्हांला सांगते.

सुरुवात तुमच्या दप्तरापासून करू. बालभारतीच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला तुम्ही पाहिलाच असेल. तोच क्यूआर कोड. किराणा दुकानात पैसे देतानाही तोच दिसतो. हा कोड मुळात शाळेसाठीही नव्हता आणि दुकानासाठीही नव्हता. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या इंजिनिअरने आपल्या सहकाऱ्यांसह तो तयार केला, आणि तो कशासाठी, तर मोटारीच्या कारखान्यातले सुटे भाग मोजायला! हारासाहेब ‘गो’ नावाचा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असं ते सांगतात.

आता नीट पहा. कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात, चौथ्यात तसा नसतो. का बरं? कारण त्या तिघांवरून फोनला कळतं, की कोड कुठे आहे आणि वरची बाजू कोणती. म्हणून पुस्तक उलटं धरलं, तिरपं धरलं, तरी चालतं. आम्ही वर्गात एक खेळ केला. कोडच्या मधोमध एक चिंचोका ठेवला. फोनने कोड ओळखला! दुसरा ठेवला, तरी ओळखला. तिसऱ्याला मात्र हात टेकले. मग मधले सगळे चिंचोके काढून एकच चिंचोका कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावर ठेवला, आणि फोन चाचपडतच बसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, याचे डोरे झाकले जी आपन!” आमच्याकडे ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. डोरे म्हणजे डोळे, बरं का! हे पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मधे चिंचोके ठेवूनही कोड वाचता येतो, कारण त्यात माहितीबरोबर जास्तीची आकडेमोडही भरलेली असते. काही भाग झाकला गेला, फाटला, तर उरलेल्या भागावरून हिशेब करून हरवलेला भाग परत मिळवता येतो. कोड छापताना ही ताकद कमी-जास्त ठेवता येते. सर्वांत भक्कम कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. आईबाबांना विचारा, त्यांच्या वेळच्या सीडीवर बारीक ओरखडा पडला तरी गाणं वाजायचं, ते याच जातीच्या गणितामुळे.

पुस्तकातल्या कोडचं नाव निघालं, की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव घ्यायलाच हवं. आपल्या छोट्या शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी पुस्तकाला असे कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं! त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एकाने लगेच विचारलं, “मग त्यांच्याकडे किती उरले जी?” भागाकाराचा तास मला आयताच मिळाला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. धडा त्या कोडमध्ये नसतो. कोडमध्ये असतो फक्त पत्ता. पत्त्यावर जायला रस्ता लागतो, आणि तो रस्ता म्हणजे नेटवर्क. आमच्या गावात तो कधी असतो, कधी नसतो. पावसाळ्यात तर नाल्यावरच्या रपट्यासारखी त्याची गत! म्हणून मी शनिवारी वडशाला जाते तेव्हा आठवड्याचे व्हिडिओ फोनमध्ये उतरवून आणते. बाजाराच्या पिशवीत वांगी आणि फोनमध्ये पचनसंस्था.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर सगळा देश ऑनलाईन शिकायला लागला म्हणे. आमच्याकडे मात्र बऱ्याच घरांत साधे बटणांचे फोन होते. ज्या घरी मोठा फोन होता, तिथे तो दिवसभर वडिलांच्या खिशात आणि वडील तेंदूपानाच्या फळीवर. त्या वर्षी आम्हांला खरा हात दिला तो रेडिओने. नागपूर आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम लागायचा. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिकाही सुरू झाली. एका घरी आजोबांचा जुना रेडिओ होता. मुलं अंगणात लांब लांब बसून तो ऐकत. जुनं यंत्र माळ्यावर टाकायची घाई मी तेव्हापासून करत नाही.

आता वाघाची गोष्ट.

तुम्हांला वाघ पुस्तकात भेटतो. आम्हांला तो रस्त्यातही भेटू शकतो. ‘सीटी-१’ असं नाव दिलेल्या एका वाघाने तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसांचे बळी घेतले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडलं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, अशी कुटुंबं आमच्या भागात आहेत. त्याच्या आधीच्या वर्षी, २०२१ मध्ये, छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप जिल्ह्यात आला. तेव्हा आमच्याकडे ‘जंगलात काय दिसलं’ हा गप्पांचा विषय नाही. त्यावर उद्या धान कापायला जायचं की नाही, हे ठरतं.

अशातच एके रात्री गावातल्या सगळ्या फोनवर एक व्हिडिओ आला. रस्त्यावरून वाघ चालला आहे, मागे गाडी उभी आहे, आणि खाली लिहिलंय, ‘वडसा रोड, आजची घटना, सर्वांना पाठवा.’ दुसऱ्या दिवशी तेवीस मुलांपैकी नऊच वर्गात! शेतावरही कोणी गेलं नव्हतं. जी मुलं आली होती ती एकमेकांना चिकटून बसलेली.

मी आधी वनरक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, “आमच्या माणसांना कुठे पगमार्क दिसले नाहीत, तपास सुरू आहे. पोरांना एकटं सोडू नका.” मग मी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. आवाज बंद केला आणि मुलांना म्हटलं, “वाघाकडे बघायचं नाही. वाघ सोडून बाकी काय काय दिसतं ते सांगा.” एकदा लावला, दोनदा लावला. तिसऱ्या वेळी सहावीतली एक मुलगी पुढे आली. ही आईबरोबर मोह वेचायला जाते. ती म्हणाली, “मॅडम, ही झाडं आपली नाई जी. मोह नाई, साग नाई, येन नाई. पानं सुईवानी हायेत.” बरोबर! सगळी सूचिपर्णी झाडं. मग एकाने पाहिलं, की मागच्या गाडीचा ड्रायव्हर डाव्या बाजूला बसला आहे. भारतात स्टिअरिंग उजवीकडे असतं. म्हणजे तो वाघ होता खरा, पण दुसऱ्याच कुठल्या तरी थंड देशातला!

वर्गात एकदम आवाज वाढला. पण एक मुलगा गप्पच होता. तो म्हणाला, “व्हिडिओ खोटा हाये, पन वाघ खरा असला तर?”

किती शहाणा प्रश्न! व्हिडिओ दुसरीकडचा निघाला म्हणून आमचं जंगल रिकामं झालं नव्हतं. त्या दिवशी मी गणित बाजूला ठेवलं आणि खरा वाघ कसा शोधतात, ते सांगितलं. वनखातं झाडांना ट्रॅप कॅमेरे बांधतं. समोरून गरम अंगाचा प्राणी हलला, की कॅमेऱ्यातल्या सेन्सरला ते कळतं आणि आपोआप फोटो निघतो. कॅमेरे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. कारण आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टेही सारखे नसतात. दोन्ही फोटो हाती असले म्हणजे तो कोणता वाघ, हे ठरवता येतं. हे ऐकल्यावर मुलांनी एकमेकांच्या बोटांचे ठसे शाईने वहीवर उमटवले. दोन भिंतीवरही उमटले.

तेव्हापासून आमच्या गावात एक रीत पडली आहे. वाघाचा किंवा हत्तीचा निरोप फोनवर आला, की मोठी माणसंसुद्धा मुलांना विचारतात, “पहा रे, झाडं कोनती हायेत?” आणि निरोप पुढे ढकलण्याआधी वनरक्षकांना फोन जातो. पालकांनो, हे काम लहान मुलं फार चांगलं करतात. त्यांची नजर आपल्यासारखी थेट वाघावर जाऊन अडकत नाही.

आता शीर्षकातली गंमत. गेल्या वर्षी मी वर्गात ‘बोलून लिहिणं’ सुरू केलं. फोनमध्ये माईकचं चित्र दाबायचं, बोलायचं, की अक्षरं आपोआप उमटतात. ज्यांना लिहायचा कंटाळा, त्यांची चंगळच! पहिल्यांदा सातवीतला एक मुलगा उठला. हा तोंडाचा भारी. नदीवर, बैलावर, आजोबांवर, कशावरही गोष्ट सांगेल. तो ऐटीत म्हणाला, “आमच्या बोडीत लय पानी हाये.”

फोनने लिहिलं : ‘आमच्या बॉडीत लई पाणी आहे.’

वर्ग फुटला हसून! बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, पावसाचं पाणी साठवून धानाला द्यायचं. झाडीपट्टीत ती जागोजाग असते. तो पुन्हा बोलला, “मी टोरी गोरा कराले गेलो होतो.” टोरी म्हणजे मोहाच्या बिया, तेल काढतात त्यांचं. फोन म्हणाला, ‘मी स्टोरी गोरा करायला गेलो होतो.’ पुन्हा हशा. ‘बांधी’ची झाली ‘बंदी’. मुलं लोळायची बाकी राहिली.

तो मात्र हसत नव्हता. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, “मॅडम, याले आपली बोली समजत नाई का जी?”

पुढचे चार-पाच दिवस तो वर्गात जपून बोलू लागला. बोलण्याआधी थांबायचा, शब्द चाचपायचा, ‘पाणी’तला ‘ण’ जोर देऊन म्हणायचा. गोष्टी सांगणं बंद. बोडीवर तर एक अक्षर नाही. मी बरीच वर्षं शिकवते आहे. बोलक्या मुलाला इतक्या पटकन गप्प करणारा गुरुजी मी अजून पाहिलेला नाही!

म्हणून मी वर्गाला हे यंत्र ऐकतं कसं, ते समजावलं. हजारो माणसांचं बोलणं आणि त्याचं लिखाण शेजारी शेजारी ठेवून त्याला सराव दिलेला असतो. नवा आवाज कानी पडला, की ते अंदाज करतं, हा त्यातल्या कुठल्या शब्दाच्या जवळचा? ‘बॉडी’ त्याने खूपदा ऐकलेला, ‘बोडी’ जवळजवळ कधीच नाही. मग ते बॉडीच लिहिणार. चूक मुलाच्या जिभेची नव्हती. त्या सरावात आमच्याकडचं कोणी बोललेलंच नव्हतं.

याहून अवघड प्रसंग मंडईचा झाला. मंडई म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मुलांना भाजीबाजार आठवेल. आमची मंडई वेगळी. दिवाळीत भाऊबीजेपासून गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते. लेकी-जावई, सोयरे-धायरे येतात. दंडार असते, पाळणे असतात, आणि रात्री नाटक, तेही थेट पहाटेपर्यंत! या झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटककंपन्यांची राजधानी म्हणजे आमचं वडसा. कितीतरी कंपन्यांच्या कार्यालयांच्या पाट्या तिथे आहेत. गावोगावची मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात. याच रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आमची मुलं क्रिकेटपटूंइतकीच नटांची नावं घडाघडा सांगतात.

तर आठवीतल्या एका मुलीने ‘आमच्या गावची मंडई’ हा निबंध लिहिला आणि मोठ्या भावाच्या फोनवर, प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एका यंत्राकडून तो ‘सुधारून’ आणला. भाषा काय झुळझुळीत! पण निबंधात हिरव्यागार पालेभाज्या आल्या होत्या, टोमॅटोचे ढीग आले होते, ‘ताजी भाजी घ्या’ म्हणून ओरडणाऱ्या विक्रेत्या आल्या होत्या. दंडार गेली. नाटक गेलं. तिची मावशी पहाटे नाटक संपल्यावर शेकोटीपाशी बसून रडली होती, ती मावशीसुद्धा गेली.

मी विचारलं, “यातलं तू काय पाहिलंस?”

ती म्हणाली, “काहीच नाही जी. पण हा शुद्ध आहे ना, मॅडम.”

त्यावर मी काही बोलले नाही. तिचे दोन्ही निबंध घेतले, नाव झाकलं, आणि संध्याकाळी पालक जमले तेव्हा दोन्ही वाचून दाखवले. पहिला ऐकून एक आजोबा म्हणाले, “हे कोनत्या शहरातलं आहे?” दुसरा सुरू झाला. मावशीशी आले, तेव्हा मागे बसलेल्या एक बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. त्याच त्या मावशी! मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने आपला निबंध मागून घेतला, त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मला विचारून विचारून दुरुस्त केल्या, आणि ‘डोरे’ हा शब्द मात्र खोडू दिला नाही. “मावशी तसंच म्हनते,” म्हणाली. मी राहू दिला.

माझं यंत्रांशी भांडण नाही, हं. शुद्धलेखन तपासायला, न समजलेलं गणित पुन्हा विचारायला, परक्या भाषेतला शब्द शोधायला मुलं ती खुशाल वापरतात, मीही वापरते. मुलांचा पुढचा प्रश्न साहजिकच होता, “आपन याले शिकवू शकतो का जी?” शकतो! केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात ‘भाषादान’ नावाची सोय आहे. तिथे लोक आपला आवाज आणि वाक्यं देतात, त्यावरून यंत्रांना भारतीय भाषांचा सराव देतात. २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप आणलं, त्यात गोंडीही आहे. हे सांगितल्याबरोबर घरी गोंडी बोलणाऱ्या दोन मुली ताठ बसल्या. तोवर वर्गात त्या गोंडीत बोलत नसत. आता बाकीची पोरं त्यांच्यामागे लागली आहेत, “अमुकला काय म्हनता, तमुकला काय म्हनता?”

लहान मुलांचे आवाज कुठेही पाठवायचे, तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. म्हणून सध्या आमचं काम शाळेच्या टॅबपुरतं आहे, आणि त्याला नेटवर्क लागत नाही. रोज दोघांनी घरून एकेक शब्द आणायचा. शक्यतो आजी-आजोबांच्या तोंडचा. तो त्यांच्याच आवाजात टॅबवर भरायचा आणि वहीत अर्थ लिहायचा. बोडी, बांधी, टोरी, धुरा, रोवणा, ढोली... ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. एका आजीने शब्द सांगायचं कबूल केलं आणि माईक पुढे करताच लाजून घरात पळाली. तिच्या नातवाने टॅब ओसरीवर ठेवला आणि तो धान पाखडायला लागला. दहा मिनिटांत आजी त्याला सूप धरायला शिकवायला बाहेर आली, आणि त्या ओघात सात शब्द बोलून गेली!

तो सातवीतला, आता आठवीतला, मुलगा या शब्दपेटीचा प्रमुख आहे. टॅबची चावी त्याच्याकडे. ‘टोरी’च्या पुढे त्याने मुद्दाम कंसात लिहिलंय : ‘स्टोरी नव्हे.’

बोडीला तुमच्या गावात काय म्हणतात? तळं, शेततळं, कुंटा, डोह, की आणखी काही? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि आम्हांला कळवा. अर्थ आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.

तुमची,
वडशाकडची मॅडम